शिट्टी वाजण्याआधी: गोव्याच्या फुटबॉलला पैसा पुरवणाऱ्यांना आणि चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोवा फुटबॉल असोसिएशनचे पदाधिकारी, क्लबांचे मालक व पुरस्कर्ते, आणि गावोगावच्या आंतरग्राम व आंतरवाडा स्पर्धांच्या आयोजन समित्या यांस

विषय: खेळाडू मैदानात कोसळल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

स.न.वि.वि.

5 डिसेंबर 2004 रोजी बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना झाला, गोव्याचा धेंपो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी धडक झाली, तो पडला आणि पुन्हा उठला नाही. वय 25. धेंपोने सामना 2-0 असा जिंकला, क्लबने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली, आणि मैदानावर वैद्यकीय सोय काय होती यावरून देशभर चार दिवस गदारोळ झाला. मग तो शमला.

ही हकीकत गोव्यात फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. परदेशातून आलेला तरुण, खाणीच्या पैशावर उभा असलेला महत्त्वाकांक्षी क्लब, अंतिम सामना, करंडक आणि मृत्यू. सांगायला घेतली की ऐकणारा हळहळतो. आमची तक्रार त्या हळहळीबद्दलच आहे. वीस वर्षं आपण हे सगळं दैवाचा खेळ म्हणून सांगत आलो. त्यातला कामाचा भाग कोणी विचारतच नाही: माणूस पडल्यावर पहिल्या मिनिटात कोणी काय करायचं असतं, कशाने करायचं असतं, आणि आज संध्याकाळी आपल्या मैदानावर तसं झालं तर ती वस्तू आणि तो माणूस तिथे आहे का?

तेव्हा श्रीमंत फुटबॉलचीही फार वेगळी स्थिती नव्हती, हे खरं. 26 जून 2003 रोजी फ्रान्समधल्या लिऑं इथे कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात कोसळला. शेजारी कोणी नव्हतं, धडक नव्हती. जानेवारी 2004 मध्ये पोर्तुगालमध्ये बेनफिकाचा मिक्लोश फेहेर. डिसेंबरात क्रिस्तियानो. दीड वर्षात तीन मृत्यू. त्यानंतर युरोपने हृदयाला विजेचा झटका देणारी यंत्रं, म्हणजे डिफिब्रिलेटर, घेतली, माणसं शिकवली, सराव केला. 12 जून 2021 ला कोपनहेगनमध्ये ख्रिस्तियन एरिक्सन पडला तेव्हा रेफरीने लगेच खेळ थांबवून डॉक्टरांना आत बोलावलं, छाती दाबणं सुरू झालं, डिफिब्रिलेटरचा एक झटका बसला आणि तो मैदानावरच शुद्धीवर आला. फेब्रुवारी 2022 मध्ये तो पुन्हा इंग्लंडमध्ये व्यावसायिक सामना खेळला. एवढ्या तपासण्या होऊनही त्याचा आजार आधी कळला नव्हता. वाचवलं ते कडेला तयार बसलेल्या माणसांनी.

आता आपल्याकडे या. गोव्याच्या फुटबॉलला पैसा कमी पडला असं कोणी म्हणू नये. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावं खनिजाचीच. धेंपोने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्सने प्रत्येकी दोन. 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2016 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. तरी पैसा आटला नाही, त्याने वाट बदलली. आज उन्हाळ्यातल्या गावच्या स्पर्धेच्या पत्रिकेवर पहिलं बक्षीस लाखात छापलेलं असतं. बाहेरून खेळाडू सामन्यागणिक पैसे देऊन आणले जातात. कमान, प्रकाशझोत, समालोचक, फटाके, मंत्र्यांसाठी सोफा, सगळं असतं. आणि वैद्यकीय सोय म्हणून एका पोराच्या खांद्याला बॅग, तिच्यात थंडगार स्प्रे, कापूस, क्रेप बँडेज आणि ग्लुकोजचा डबा. सोफ्याचं भाडं त्या बॅगेपेक्षा जास्त असतं.

का हे परवडणार नाही, ते नीट सांगतो.

हृदय बंद पडलं असं आपण म्हणतो तेव्हा खेळाडूंच्या बाबतीत ते बहुतेकदा एकदम थांबलेलं नसतं. ते वेडंवाकडं थरथरत असतं आणि त्यातून रक्त पुढे जात नसतं. ही थरथर विजेच्या झटक्याने मोडते. छाती दाबल्याने ती मोडत नाही, पण झटका मिळेपर्यंत मेंदूला थोडंफार रक्त मिळत राहतं. दोन्हींपैकी काहीच न करता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. तीन ते पाच मिनिटांत झटका मिळाला तर निम्मे किंवा त्याहून जास्त वाचू शकतात. दहा मिनिटांनंतर हाती फारसं काही उरत नाही. पेडणे किंवा वाळपईहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), काणकोणहून मडगावचं जिल्हा रुग्णालय, हा हिशेब ज्याने त्याने करावा. 108 कितीही तत्पर असली तरी रस्ता तेवढाच राहतो. म्हणजे या आजाराचं पहिलं रुग्णालय मैदानच.

मैदानावर काय चुकतं? सगळ्यात आधी ओळखण्यात चूक होते. कोणी न भिडता खेळाडू कोसळला आणि हाकेला ओ देत नसेल, तर वेगळं काही सिद्ध होईपर्यंत हृदयच गेलं असं धरायचं. पण बघणाऱ्याला ते तसं दिसत नाही. त्याचे डोळे उघडे असू शकतात. हातपाय झटकले जातात, म्हणून कोणीतरी ओरडतो, "फिट आली!" मग हातात चाव्यांचा जुडगा, नाकाशी चप्पल किंवा कांदा. अधूनमधून तो घोरल्यासारखा आचका देतो, म्हणून दुसरा म्हणतो, "श्वास चालू आहे." तो श्वास नव्हे. मरणाऱ्या मेंदूची ती धडपड असते, आणि तिच्यावर विसंबून आपण दोन-तीन मिनिटं घालवतो. तिसरा दातखीळ उघडून जीभ ओढायला बघतो. जीभ कोणी गिळत नाही. पाठीवर झोपलेल्या बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते, ती हनुवटी वर उचलली की सरकते. बोटं घालणाऱ्याची बोटं मात्र चावली जातात. चौथा तोंडात पाणी ओततो, ते सरळ श्वासनलिकेत जातं. यातलं एकही काम वाईट हेतूने होत नाही, म्हणूनच ते थांबवायला आधी शिकवलेला माणूस लागतो.

करायचं ते असं. खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची. छातीकडे बघत श्वास तपासायचा, दहा सेकंदांहून जास्त नाही. नेहमीसारखा श्वास नसेल तर एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने झटक्याचं यंत्र आणायला पळायचं, तिसऱ्याने तिथल्या तिथे दाबायला घ्यायचं. खेळाडूला उचलून कडेला नेत बसायचं नाही. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर एका तळहाताचा मागचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलेला माणूस नेमकं हेच विसरतो आणि छातीवर रेलून राहतो, त्यामुळे हृदय भरतच नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. शिकलेला असेल तर 30 दाब आणि 2 श्वास, नसेल तर नुसतं दाबत राहायचं. बरगडी कडकन वाजली तरी थांबायचं नाही.

या एईडी यंत्राबद्दल, म्हणजे हृदय आपोआप तपासून झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरबद्दल, विनाकारण भीती आहे. झाकण उघडलं की ते स्वतः बोलतं. एक पट्टी उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर. गरज नसेल तर ते झटका देतच नाही, त्यामुळे अडाण्याच्या हातूनही अनर्थ होत नाही. आपल्याकडच्या अडचणी निराळ्या आहेत. घामाने आणि पावसाने ओल्या छातीवर पट्टी चिकटत नाही, म्हणून पिशवीत टॉवेल हवा. जर्सी आणि आतलं, धावणं मोजणारं जीपीएसचं बनियन ओढून काढण्यात वेळ जातो, म्हणून जाड कापड कापणारी कात्री हवी. छातीवर दाट केस असतील तर एक साधा रेझर. ओल्या गवतावर झटका देता येतो, साचलेल्या डबक्यातून मात्र खेळाडूला आधी बाजूला घ्यायचं. यंत्र तपासत असताना आणि झटका देताना कोणी हात लावायचा नाही, आणि झटका बसताच नाडी शोधत न बसता पुन्हा दाबायला लागायचं.

यंत्र विकत घेऊन फोटो काढला की काम झालं असं समजणारे क्लबही आहेत. पट्ट्यांवर मुदत छापलेली असते, साधारण दोन वर्षांची. मुदत गेली की जेल वाळतं. बॅटरी काही वर्षं टिकते, पण स्थितीदर्शक दिवा हिरवा आहे का ते दर सामन्याआधी कोणीतरी बघावं लागतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेलं यंत्र त्याच्या सोसण्यापलीकडे तापतं. आणि सगळ्यात मोठा घोळ कुलपाचा. यंत्र कार्यालयाच्या कपाटात, कपाटाची चावी खजिनदाराकडे, खजिनदार प्रमुख पाहुण्यांना आणायला गेलेला. सामना चालू असताना यंत्राची जागा एकच: दोन बाकांच्या मध्ये, चौथ्या रेफरीच्या टेबलाखाली, सर्वांना दिसेल अशी.

फाटकाचंही तेच. रुग्णवाहिका असते तेव्हा ती बाहेर रस्त्यावर, पाहुण्यांच्या गाड्यांच्या मागे अडकलेली. मैदानाला मोठं फाटक असतं, पण तिकीट न काढता कोणी घुसू नये म्हणून साखळी घातलेली. सामन्याआधी एकदा रुग्णवाहिका गोलपोस्टपर्यंत चालवून बघा. पावसाळ्यानंतर कित्येक मैदानांची कड इतकी भुसभुशीत असते की चाक रुततं. हे पाहणं चालकाचं काम आहे असं समजून कोणीच पाहत नाही.

डोक्याच्या आणि मानेच्या दुखापतीत चूक उलटी होते: तिथे आपण फार घाई करतो. हवेत डोक्याला डोकं लागून खेळाडू पडला की चार सहकारी धावत येतात आणि दंडाला धरून उभा करतात. मान दुखावली असेल तर तेवढ्याने माणूस आयुष्यभराचा लुळा होऊ शकतो. 2014 च्या ऑक्टोबरात मिझोराममध्ये पीटर बियाकसांगझुआला हा खेळाडू गोल केल्याच्या आनंदात कोलांटी मारताना मानेवर पडला. मणक्याला इजा झाली आणि काही दिवसांत त्याचं निधन झालं. अशा खेळाडूच्या डोक्याशी एकाने गुडघ्यावर बसून डोकं दोन्ही हातांत जसं आहे तसं धरायचं, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. वळवायचं असेल तर किमान चौघे, आणि आकडे मोजणार तो डोकं धरलेला. मधोमध लोंबणारं कापडी स्ट्रेचर यासाठी कुचकामी आहे. दोन भागांत उघडून दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवता येणारं कडक स्कूप स्ट्रेचर लागतं. श्वासच थांबला असेल तर मात्र मानेची चिंता मागे ठेवून छाती दाबायची. हा क्रम भल्याभल्यांचा चुकतो.

डोक्याला मार बसून खेळाडू क्षणभर जरी बधिर झाला, स्कोअर विसरला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर त्या दिवशी तो संपला. "बरा आहे, दोन मिनिटं बघू" हे वाक्य प्रशिक्षकाने बोलायचं नाही. अशा दुखापतीसाठी जादा बदली खेळाडू देण्याची सोय खेळाच्या नियमांत आता आहे. स्पर्धेने ती आपल्या नियमावलीत लिहून घ्यावी लागते, एवढंच. फुकटची सुधारणा आहे. किती स्पर्धांनी लिहून घेतली, ते तुम्हीच बघा.

उष्म्याचा विषय तर आपल्या घरचा. एप्रिल-मे मध्ये दुपारी साडेतीनला सामना सुरू करायचा आणि समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेत घाम वाळतच नाही, हे विसरायचं. ऊन, उष्णता आणि आर्द्रता एकत्र मोजणारा निर्देशांक 32 अंशांच्या वर गेला की फिफा 30 व्या आणि 75 व्या मिनिटाच्या सुमारास पाणी पिण्यासाठी तीन मिनिटं खेळ थांबवते. खेळाडू असंबद्ध बोलू लागला, रेफरीशी कारण नसताना भांडू लागला, भलत्याच दिशेला धावला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात. इथे आधी थंड करायचं, मग रुग्णालयात न्यायचं. मासळी ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब, निम्मा पाण्याने भरलेला, आणि कोणत्याही जेटीवर मिळणारा बर्फ. गोव्यात याहून स्वस्त औषध नाही. मानेपर्यंत बुडवायचं, डोकं धरून ठेवायचं, अर्ध्या तासाच्या आत ताप उतरला पाहिजे. कपाळावर ओला रुमाल ठेवून गाडीत घालणं म्हणजे वाटेत मेंदू शिजवणं.

आता पैशाने जन्माला घातलेला एक धोका. सामन्यागणिक पैसे घेऊन खेळणारा पोरगा शनिवारी एका गावाकडून, रविवारी दुसऱ्या गावाकडून आणि मंगळवारी कामाच्या ठिकाणच्या संघाकडून खेळतो. ताप असला तरी सांगत नाही, कारण सांगितलं तर पाकीट बुडतं. दोन गोळ्या घेऊन उतरतो. विषाणूजन्य तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, आणि त्या अवस्थेत जोराचा व्यायाम हे तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूचं एक ओळखीचं कारण आहे. तापात पैसे न कापता विश्रांती द्यायची, हा नियम क्लबमालकाच्या तोंडून आला तरच पोरं खरं बोलतील. तसंच हंगामाआधी प्रत्येक खेळाडूचा एक ईसीजी आणि तीन प्रश्न: धावताना कधी चक्कर येऊन पडलास का? छातीत दुखलं का? घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं का? एकालाही उत्तर हो आलं तर हृदयरोगतज्ज्ञाकडे. इटलीने 1982 पासून स्पर्धात्मक खेळाडूंची अशी तपासणी सक्तीची केली आहे. ती सगळ्यांना पकडत नाही, एरिक्सनचं वर सांगितलंच, पण काहींना पकडते.

सरकत्या गोलपोस्टना मागून वाळूची पोती बांधणं आणि वीज कडाडल्यावर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदान रिकामं ठेवणं, या गोष्टी लिहाव्या लागू नयेत, पण लागतात.

खर्चाचं बोलू. एईडी साधारण लाखाच्या आसपास येतं. स्कूप स्ट्रेचर, श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा, कात्री, टॉवेल, टब हे सगळं मिळून त्याहून बरंच कमी. एका तालुक्यातल्या चार-पाच आयोजन समित्यांनी मिळून एक संच घेतला आणि सामन्यांच्या तारखा जुळवल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला फटाक्यांच्या बिलाएवढी रक्कम येईल. पुरस्कर्त्यांना विनंती आहे की करंडकाच्या उंचीत एक फूट कमी करा आणि तुमचं नाव यंत्राच्या पेटीवर घाला. आमची हरकत नाही, अक्षरं मोठी असली तरी.

पण ऐच्छिक ठेवलं तर काही होणार नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. गावात स्पर्धा घ्यायला पंचायतीचा ना-हरकत दाखला लागतो, कर्ण्यासाठी परवाना लागतो, तो नसला तर पोलीस येऊन वायर काढतात. माणसाच्या जिवासाठी एकही कागद लागत नाही. म्हणून असोसिएशनकडे मागणी एकच: नाणेफेकीआधी रेफरीने चार गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या. हिरवा दिवा असलेलं यंत्र, ते चालवायला शिकलेली दोन माणसं नावानिशी, कडक स्ट्रेचर, आणि उघडं फाटक. चारांपैकी एकही नसेल तर शिट्टी वाजणार नाही, मग कडेला कोणीही बसलेलं असो. हे मान्यताप्राप्त सामन्यांसाठी असोसिएशनच्या नियमावलीत आलं पाहिजे. गावच्या स्पर्धांत आपले नोंदणीकृत रेफरी मानधन घेऊन जातात, त्यांनाही तोच आदेश हवा. रेफरीवर दबाव येणार, पाहुणे खोळंबले म्हणून आरडाओरड होणार. त्या वेळी असोसिएशनने त्याच्या पाठीशी उभं राहायचं आहे. सामना रद्द केला म्हणून त्याला पुढच्या नेमणुका मिळेनाशा झाल्या, तर दुसरा रेफरी कधीच ते धाडस करणार नाही.

शिकवण्याचं काम आमच्याकडे लागलं. कोणत्याही मैदानावर रविवारी सकाळी दोन तास पुरतात. सरावाचा पुतळा आणि सरावाचं यंत्र आम्ही घेऊन येतो, मानधन नको. समितीने सहा नावं आधी ठरवून ठेवावीत. सहाही पदाधिकारी नकोत. एक तरी मैदान राखणारा किंवा चहाचा गाडा लावणारा असू द्या, कारण सामना कोणाचाही असला तरी तो तिथे असतोच.

आपले,
फोंडा, डिचोली आणि पेडणे भागात काम करणारे काही फिजिओ, प्रशिक्षक व रेफरी